शिरूरहून आणलेली बाटली

दौंडला आम्ही ज्या घरात राहायचो ते घर फिलोमावशींचं होतं. पुढच्या तीन खोल्या त्यांच्या, मागच्या दोन आमच्या, आणि मध्ये एकच भिंत. ती इतकी पातळ होती की त्यांच्याकडे घड्याळाला चावी दिली तरी आम्हाला कळायचं. रेल्वेच्या यार्डात दिवसभर डब्यांची जोडाजोड चालायची. डबा डब्यावर आदळला की आमच्या मांडणीवरची पितळी ताटं हलकेच वाजायची आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आला बाई, आला पावना." आबा तिथंच डिझेल शेडमध्ये फिटर होते. त्यांच्या कपड्यांना ऑइलचा वास कायमचा बसलेला. ते कामावरून आले की आधी मागच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे एकदा बघायचे, आणि मगच चहा घ्यायचे.

आम्ही मूळचे शिरूरकडच्या निमोण्याचे. दौंडला बदली झाल्यावर आबा दोन महिने घर शोधत फिरले होते. आडनाव विचारून झालं की प्रत्येक ठिकाणी खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. फिलोमावशींनी आडनाव विचारलंच नाही. "मुलगी शिकते का? आणि पाणी सांडून ठेवता का?" एवढंच विचारलं आणि किल्ली आबांच्या हातावर ठेवली. आबा ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. सांगताना मावशींचा आवाज काढायचे, पण थट्टेनं नव्हे. बाबासाहेबांच्या फोटोवरची धूळ पुसावी तसा जपून.

मावशी मूळच्या गोव्याकडच्या. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो लवकर गेला. त्या दवाखान्यात नर्स होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मुलगा रॉनी कल्याणला नोकरीला. निवृत्तीनंतरही गल्लीतली निम्मी माणसं सुई टोचून घ्यायला त्यांच्याच दारात यायची, कारण त्यांची सुई लागायचीच नाही. रविवारी त्यांच्याकडून व्हिनेगरच्या कालवणाचा आंबट वास भिंत ओलांडून यायचा आणि पाठोपाठ झाकलेली ताटली यायची. आई ती ताटली कधी रिकामी परत करायची नाही. हुलग्याची शेंगोळी, खरडा, हिवाळ्यात बाजरीचा खिचडा, असं काहीतरी तिच्यात जायचंच.

दर वर्षी मार्चमध्ये मावशी काळ्या द्राक्षांची वाइन घालायच्या. ती नाताळला उघडायची. पहिल्या वर्षी आईला हे कळलं तेव्हा तिचं तोंड उतरलं. "पंचशील घेतलेलं घर हाय आपलं. आन् भिंतीपल्याड दारू व्हतीय." आबा म्हणाले, "त्यांच्या सणाचं हाय ते. आपण कुठं पितोय?" आबा आयुष्यात दारूला शिवले नव्हते. मीही ती वाइन कधी चाखली नाही. पण मी तिच्या पायी किती वेळ घालवला! बारावी झाली होती, घरात बसून होते, आणि मावशींना मदतीला दोन हात हवे होते. मला द्राक्षांपेक्षा भांड्यांचं वेड लागलं.

त्यांच्याकडे चिनीमातीच्या दोन मोठ्या बरण्या होत्या, वरून तपकिरी, खाली पांढऱ्या, सासूच्या वेळच्या. एकीत द्राक्षं चुरडून घालायची, आठ-दहा दिवस फसफसून चोथा वर आला की गाळून दुसरीत घ्यायची. मावशी द्राक्षांना हात लावायच्या आधी दोन दिवस नुसत्या भांड्यांत घालवायच्या. बरणी उन्हात ठेवायच्या, मग बोटाच्या पेरानं सगळीकडून वाजवत जायच्या, डॉक्टर पाठ वाजवून बघतो तशा. "ऐक, बाय. ही गातेय. ज्या दिवशी गायची थांबेल त्या दिवशी तिच्यात फक्त गहू भरायचे." बारीक चीर गेलेल्या बरणीत जुना आंबूसपणा लपून बसतो, कितीही धुतलं तरी निघत नाही, आणि पुढचा सगळा माल नासवतो, हे त्यांनीच शिकवलं. पितळ आणि ॲल्युमिनियम जवळही आणू द्यायच्या नाहीत. आंबट त्यात कळकतं आणि ते विष होतं. कुरकुंभच्या रसायनांच्या कारखान्यांतून निळे प्लॅस्टिकचे पिंप बाजारात यायचे, गल्लीत सगळे त्यात पाणी भरायचे. मावशी म्हणायच्या, "आधी त्यात काय होतं ते कुणी सांगेल का मला? नाही ना? मग त्यात कपडेसुद्धा भिजवू नका."

बरणी काठोकाठ भरायची नाही, चार बोटं जागा ठेवायची, कारण फेस चढतो. पहिले दिवस झाकण लावायचं नाही, तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधायचा. पुढं झाकण लावलं तरी त्यातून एक नळी काढून पाण्याच्या पेल्यात सोडायची. आत वारा धरतो, त्याला वाट नाही दिली तर भांडं फुटतं. नळी सलाइनची असायची, नवी, पाकीट माझ्यासमोर फोडलेली. मग पेल्यात बुडबुडे यायला लागायचे. दुपारी सगळी गल्ली झोपली की भिंतीपलीकडून तो आवाज यायचा, गुबुक, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा गुबुक. मी कसलंतरी पुस्तक छातीवर ठेवून तो ऐकत पडायची. आणि काचेचं सांगायच्या ते वेगळंच: काचेत कढत पाणी ओतायचं नाही, ओल्या हातानं उचलायचं नाही, गळ्याला धरून उचलायचं नाही, आणि भंगारातलं काचेचं भांडं घरात आणायचं नाही. "मातीचं भांडं फुटायच्या आधी सांगतं. काच सांगत नाही."

मी नर्स व्हावं हे मावशींनी ठरवून टाकलं होतं. "हिचे हात स्वच्छ आहेत," असं त्या आबांना म्हणाल्या. पुण्यातल्या एका दवाखान्याच्या मेट्रन त्यांच्या जुन्या मैत्रीण. फॉर्म मावशींनी आणला, शिफारशीची चिठ्ठीही त्याच देणार होत्या. आबांनी त्या दिवशी जिलबी आणली होती.

त्या वर्षी रॉनीचं लग्न ठरलं, नाताळ झाल्यावर लगेच करायचं. वाइन नेहमीच्या दुप्पट लागणार होती. आणि नेमक्या त्याच वर्षी, उन्हात ठेवलेल्या एका बरणीवर मावशींचं पेर पडलं आणि आवाज भद्द आला. त्यांनी पुन्हा वाजवून पाहिलं. मग बरणीवर हात ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. दौंडच्या बाजारात तेवढी मोठी बरणी मिळाली नाही. मी दोन दिवसांनी निमोण्याला चुलत्यांकडे जाणारच होते, परतताना शिरूर लागणार होतं. "शिरूरला बघ. मोठ्या दुकानात बघ. वाजवून घे. आत नाक घालून वास घे. नाही मिळाली तर रिकामी ये, मी काहीतरी करीन." असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. रिकामी ये, म्हणाल्या होत्या.

शिरूरच्या बाजारपेठेत मी चार दुकानं फिरले. लोणच्याच्या लहान बरण्याच सगळ्या. शेवटच्या दुकानदारानं सांगितलं, नगर रस्त्याला भंगारवाल्याकडं काचेच्या मोठ्या बाटल्या येतात, बघा. तिथं पत्र्याच्या ढिगाशेजारी ती उभी होती, माझ्या गुडघ्याएवढी, गोल पोटाची, बारीक गळ्याची, गंजक्या लोखंडी पिंजऱ्यात. दुपारचं ऊन तिच्यातून आरपार जात होतं. मला ती फार आवडली. आतलं सगळं दिसेल, रंग दिसेल, बुडबुडे वर चढताना दिसतील. मी विचारलं, "हिच्यात काय होतं?" भंगारवाला म्हणाला, "ॲसिड असंल, न्हाईतर पाणी. धुतलं की झालं, ताई." मी ती घेतली. रिकाम्या हातानं परत जायचं माझ्या जिवावर आलं होतं, एवढंच कारण. आजवर मी त्याला दुसरी पुष्कळ कारणं जोडून पाहिली, पण खरं कारण तेच.

एसटीत कंडक्टरनं ती मागच्या बाकाखाली आडवी ठेवायला लावली. न्हावऱ्याच्या पुढं गाडी एका खड्ड्यात आदळली आणि बाकाखालून टण्ण असा आवाज आला. दौंडला उतरल्यावर मी स्टँडच्या मागं जाऊन तो गंजका पिंजरा काढून टाकला आणि तिला फिरवून फिरवून पाहिलं. तळाच्या कडेला, बोराच्या बीएवढी, एक चांदणी उमटली होती. नखानं चाचपली तर लागतसुद्धा नव्हती. मी म्हटलं, काचेतलाच डाग असेल.

मावशी बाटलीकडे बघतच राहिल्या. "ही कुठली?" मी म्हणाले, "आबांनी सांगून ठेवलं होतं शिरूरच्या त्यांच्या ओळखीच्या माणसाला. नवी आहे." हे वाक्य मी एसटीतच तयार केलं होतं. माझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते. आबांचं नाव घेतल्यावर एकही विचारला नाही. "तुझे आबा नवी म्हणाले ना, मग झालं." मी सोड्याच्या पाण्यानं ती सात-आठ वेळा धुतली, उन्हात उलटी ठेवली. चांदणीची बाजू मी भिंतीकडे केली.

दोन दिवसांनी आबा कामावरून आले तेव्हा फाटकातच मावशींनी त्यांना गाठलं. "भाऊ, बाटली फार चांगली मिळवलीत हं." आबांनी मान डोलावली. हात धुताना त्यांनी मला विचारलं, "कसली बाटली गं?" मी म्हणाले, "मावशींना शिरूरहून आणली ती." ते "बरं" म्हणाले आणि कोपराला साबण लावत राहिले.

द्राक्षं आली, चुरडली, उरलेल्या एका बरणीत दोनदा घालून फसफसली. दोन्ही वेळचं गाळलेलं बाटलीत भरलं, नळी लावली. बाटली कोपऱ्यात घडी घातलेल्या पोत्यावर उभी राहिली. जांभळ्या रंगानं भरलेली ती इतकी देखणी दिसायची की गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. महिना गेला, दीड महिना गेला. काही झालं नाही. चांदणी मी विसरले, असं म्हणणार होते, विसरले नव्हते. मात्र रोज काही झालं नाही म्हणून रोज थोडी निर्धास्त होत गेले.

मे महिन्यातली सकाळ होती. तळाशी गाळ बसला होता, वरचं नितळ नळीनं बरणीत ओढून घ्यायचं होतं आणि त्यासाठी बाटली स्टुलावर चढवायची होती. मावशींनी हात पुसले, मला पुसायला लावले. "गळा नाही हं. तळाखाली हात. तू तिकडून, मी इकडून. एक, दोन." आम्ही उचलली. ती स्टुलाएवढी वर आली आणि तळ सुटला. मोठा आवाज झालाच नाही. फक्त वजन एकदम नाहीसं झालं आणि माझ्या पायांवर थंड काहीतरी पसरलं. मावशी "आई गं" असं मराठीतच म्हणाल्या आणि खाली बसल्या. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता. फरशीवर सगळीकडे लाल होतं आणि त्यातलं त्यांचं कोणतं हे कळेना. आई धावत आली, तिनं स्वतःचा पदर फाडून बांधला. मावशी शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या, मलाच सांगत होत्या, "वरून दाब. घाबरू नको. कोपराच्या वर दाब." मला मात्र एका काचेनं साधं ओरखडलंही नव्हतं.

आबा शेडमधून तसेच ऑइलच्या कपड्यांत आले. रिक्षातून दवाखान्यात, तिथून पुण्याला. मनगटाजवळच्या शिरा आणि बोटं वळवणारे दोर तुटले होते. ऑपरेशन झालं. हात राहिला, पण उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. आबा रोज ड्यूटी संपली की गाडीनं पुण्याला जायचे आणि वॉर्डाबाहेर बाकावर बसून परत यायचे.

आठव्या दिवशी रॉनी दौंडला आला. काचा आम्ही गोळा करून पोत्यात ठेवल्या होत्या. त्यानं त्या अंगणात ओतल्या, तळाचा तुकडा उचलला. जुनी, तळाशी घासटलेली काच ती, उलटून पाहिली असती तर नवी म्हणून कुणालाच पटली नसती. आणि कडेला ती चांदणी, आता तिच्यातून फाटत गेलेली लांब रेघ. "हे भंगारातलं आहे," तो म्हणाला. "आई सांगते, तुम्ही नवी म्हणून आणवलीत. तुमच्यावर विश्वास ठेवला तिनं."

आबा दारात उभे होते. त्यांनी तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही, फार नसेल. मी तोंड उघडलं होतं, हे मात्र खरं. शब्द यायच्या आधीच आबा म्हणाले, "व्हय. म्याच सांगितली व्हती आणायला. मला वाटलं, चांगली हाय. चुकलं माझं."

रॉनी पुष्कळ बोलला. त्यातलं एक वाक्य असं होतं की आईनं तुम्हाला घर दिलं, दुसरं कुणी दिलं नव्हतं, त्याचं हे फळ. आबा मान खाली घालून ऐकत राहिले. आई आत गेली आणि भांडी गोळा करायला लागली. महिनाअखेर आम्ही स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला एका खोलीत राहायला गेलो.

तिथं पहिल्याच रविवारी आबा पायरीवर बसले होते, मी जवळ जाऊन म्हणाले, "आबा, ती बाटली..." त्यांनी हात वर केला. "चिठ्ठी आलीय मावशींची, मेट्रनबाईला लिवलेली. हात कापला तरी डाव्या हातानं लिवलीय तुझ्यासाठी. आता तू काय बोलू नगं. शीक." मग म्हणाले, "माझं काय, मी म्हातारा होत आलोय. माणसं काय म्हणत्यात त्यानं माझं काय अडतंय." मी शिकायला गेले. आता माझी नोकरी संपत आली आहे. इतक्या वर्षांत हातांनी हजारो सुया टोचल्या, जखमा बांधल्या, आणि लोकांनी चांगलं म्हटलं. त्या प्रत्येक चांगल्या शब्दाच्या खाली आबांचं ते "व्हय" आहे, हे त्या लोकांना माहीत नव्हतं.

त्यांचं अडत होतं. मी सुट्टीला यायची तेव्हा दिसायचं. मावशी त्याच घरात राहत होत्या, बाजार एकच, रस्ते तेच. आबा त्यांना लांबून बघितलं की थांबून नमस्कार करायचे. मावशी मान फिरवायच्या. एकदा भाजीबाजारात त्यांच्या डाव्या हातातली पिशवी घसरली, आबा दोन पावलं पुढं झाले. मावशींनी पिशवी गुडघ्यानं अडवून पुन्हा नीट धरली आणि आबांकडे न बघता निघून गेल्या. आबा तिथंच, मेथीच्या जुड्यांसमोर, बराच वेळ उभे राहिले. मावशींच्या किल्लीची गोष्ट पाहुण्यांना सांगायचं त्यांनी सोडून दिलं होतं. आणि आईही त्यांनाच बोल लावायची. जेवताना काही बिनसलं की ती म्हणायची, "इचारपूस न करता भंगार आणाया सांगितलं, आन् घरादाराचं नाव घालिवलं." आबा भाकरीचा तुकडा मोडत राहायचे. मी समोर बसलेली असायची. मला वाटायचं, पुढच्या सुट्टीत सांगू. नोकरी लागली की सांगू. कायम झाले की सांगू.

सहा वर्षांनी आबा शेडमध्येच छातीत कळ येऊन गेले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याच्या, दिवशी भंतेजींचं सगळं आटोपून माणसं पांगली होती, तेव्हा दारात फिलोमावशी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. खूप वाळल्या होत्या. त्या आबांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, डाव्या हातानं क्रूसाची खूण केली, आणि माझ्याजवळ खुर्चीवर बसल्या. "माणूस वाईट नव्हता गं," त्या म्हणाल्या. "एक चूक झाली त्याच्या हातून. मीच कडक झाले."

तेव्हा मी सांगितलं. भंगारवाला, एसटी, चांदणी, वाक्य कसं तयार केलं ते. सगळं खालच्या आवाजात, त्यांच्या न मिटणाऱ्या बोटांकडे बघत. मला वाटत होतं, त्या मला मारतील किंवा जवळ घेतील. कशाचीही तयारी होती माझी.

"तो रोज नमस्कार करायचा मला," त्या म्हणाल्या. "भर बाजारात, सगळ्यांसमोर. सहा वर्षं. मी एकदाही उत्तर दिलं नाही. हाताचं मी तुला केव्हाच माफ केलं असतं, त्याच दिवशी. पण हे तू आत्ता सांगतेस? आता मी कुणाला नमस्कार करू?"

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग जा. मी बसते इथं."

आई आतल्या खोलीत एकटीच, आबांच्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिनं वर पाहिलं. मी म्हणाले, "आई, ती बाटली आणायला आबांनी सांगितलं नव्हतं."